बारा हजारांची तफावत

बँकेतल्या कारकुनानं इतिहास लिहू नये. इतिहास लिहिणाऱ्याला सनावळ्या तोंडपाठ लागतात आणि आम्हाला वर्षातली एकच तारीख ठाऊक असते, ती म्हणजे ३१ मार्च. शिवाय इतिहासकार जे घडलं त्याचा अर्थ लावतो. आमच्या धंद्यात अर्थ लावायचा नसतो, फक्त दोन्ही बाजूंची बेरीज जुळवायची असते. ती जुळली की चष्मा खिशात घालून माणूस घरी जायला मोकळा.

हे सगळं माहीत असूनही मी आज इतिहास लिहायला बसलो आहे, आणि तोही मुंबईच्या वानखेडे स्टेडियमचा. निम्मी हयात लातुरात आणि निम्मी नांदेडात काढलेल्या माणसानं मुंबईच्या स्टेडियमबद्दल लिहावं, हे आमच्या कुटुंबाला अजिबात पटलेलं नाही. "गॅसचा नंबर कधी लावला ते तुम्हाला आठवत नाही, आणि स्टेडियम कधी बांधलं ते बरं आठवतं!" असा अभिप्राय स्वयंपाकघरातून आलेला आहे. तो बरोबर आहे. पण गॅसचा नंबर मी लावला होता आणि स्टेडियम आमच्या अण्णांचं होतं, हा त्यातला फरक आहे.

वानखेडे म्हणजे हल्ली टीव्हीवर पांढऱ्या छपराखाली लखलखताना दिसतं ते नव्हे बरं का. मी म्हणतो ते जुनं. १९७५ साली उभं राहिलेलं आणि २००८ नंतर पाडापाडीत गेलेलं. तेच अण्णांचं.

मुळात आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना स्टेडियम या वस्तूचं कौतुक का, तेही सांगायला हवं. आमच्याकडे मैदान हे जन्मतःच बहुउद्देशीय असतं. १५ ऑगस्टला तिथं परेड होते. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं झेंडावंदन होतं. मध्ये कधी सर्कस येते, कधी पुढाऱ्याची सभा, कधी पोलीसभरतीची धावाधाव. लग्नसराईत कोपऱ्यात मांडव पडतो आणि एरवी गुरं चरतात. या सर्वांतून जी जागा आणि जो वेळ उरेल त्यात क्रिकेट. लहानपणी मी लाँगऑनला उभा असताना माझ्या पाठीशी एक म्हैस उभी असे आणि चेंडू तिच्यापर्यंत गेला की चार रन धरायचे, असा आमचा नियम होता. म्हैस हलली की बाउंड्री हलायची. अशा गावातल्या माणसाला कुणी सांगितलं, की मुंबईत केवळ क्रिकेटसाठी पंचेचाळीस हजार माणसं बसतील एवढं सिमेंटचं बांधकाम केलंय आणि तिथं सर्कस येत नाही, तर त्याचा जीव दडपणारच.

आता ते बांधलं कसं, त्याचा इतिहास. हा भाग मी वाचून लिहितो आहे, तेव्हा तो विनोदी नसला तरी विश्वसनीय आहे.

मुंबईत आधी ब्रेबॉर्न स्टेडियम होतं. १९३७ सालचं, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचं. कसोटी सामने तिथंच व्हायचे. म्हणजे मैदान क्लबाचं आणि सामना भरवणारी मुंबई क्रिकेट असोसिएशन. एकाचं घर आणि दुसऱ्याचं लग्न. अशा लग्नात भांडण कशावरून होतं ते तुम्हाला सांगायला नको. पानांवरून! कुणाची किती पानं मांडायची? असोसिएशन म्हणे, आमच्या क्लबांना जागा कमी मिळतात, तिकिटं वाढवून द्या. क्लब म्हणे, आमच्याच सभासदांना पुरत नाहीत. त्या वेळी असोसिएशनचे अध्यक्ष होते बॅरिस्टर शेषराव वानखेडे. मूळचे नागपूरचे आणि महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष. असं सांगतात, की आमदारांचा एक प्रदर्शनीय सामना ब्रेबॉर्नवर खेळू द्यावा म्हणून ते विचारायला गेले आणि नकार घेऊन परत आले. विदर्भातला माणूस तसा मवाळ, पण तोही तापला. ब्रेबॉर्नपासून एक किलोमीटरसुद्धा अंतर नाही अशा जागी, चर्चगेट आणि मरीन लाइन्सच्या मधोमध, रेल्वेच्या रुळांना लागून त्यांनी दुसरं स्टेडियम उभं केलं. आराखडा शशी प्रभूंचा आणि वेळ लागला सुमारे तेरा महिने. आमच्या गल्लीतली नाली याहून अधिक काळ चालू आहे.

सारांश काय, तर वानखेडे स्टेडियम हे बसायला जागा मिळत नाही या तक्रारीतून जन्माला आलं. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. बँकेत आम्ही त्याला 'आरंभीची शिल्लक' म्हणतो.

पहिली कसोटी २३ जानेवारी १९७५ रोजी सुरू झाली. पाहुणे वेस्ट इंडिज. मालिका दोन-दोन अशी बरोबरीत होती म्हणून निर्णायक सामना सहा दिवसांचा ठेवलेला. आमच्या बाजूचा कप्तान पतौडी, आणि त्याची ही शेवटची कसोटी. क्लाइव्ह लॉईडनं नाबाद २४२ केल्या. त्याचं द्विशतक झालं तेव्हा एक पोरगा कौतुकानं हात मिळवायला मैदानात धावला. पोलिसांनी त्याला बदडलं, लोक खवळले, खुर्च्या मोडल्या, जाळपोळ झाली, खेळ थांबला. वास्तुशांतीलाच पंगत उधळावी तसा प्रकार. आपल्या एकनाथ सोलकरनं शतक ठोकलं, विश्वनाथ ९५ वर गेला, पण शेवटी आपण २०१ धावांनी हरलो. त्यानंतर महिन्याच्या आत, २१ फेब्रुवारीला, आमच्या नांदेडचे शंकरराव चव्हाण राज्याचे मुख्यमंत्री झाले. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. पण आमच्या भागात स्टेडियमची गोष्ट सांगताना ती जोडून सांगण्याची पद्धत आहे, म्हणून सांगितली.

त्या कसोटीला आमच्या लातूरचा एक माणूस हजर होता. लातूर तहसील कचेरीतला सत्तावीस वर्षांचा कारकून. हेच आमचे अण्णा.

तेव्हा लातूरहून मुंबईला क्रिकेट बघायला जाणं हे काशीयात्रेच्या तोडीचं होतं. लातूरची रेल्वे म्हणजे बार्शी लाइट, अडीच फुटी रुळांची. तिची गती अशी की उतारूनं डब्यातून उतरावं, शेतातला हरभरा उपटावा, मालकाच्या शिव्या खाव्यात आणि मागच्या डब्यात चढावं. त्या गाडीनं कुर्डुवाडी गाठायची, तिथं मोठ्या गाडीत बसायचं आणि मग मुंबई. अण्णांनी आठ दिवसांची रजा मिळवली. तिकिटाचे पैसे आधीच मनीऑर्डरनं धाडले होते. गिरगावात त्यांचे एक मावसभाऊ चाळीत राहत, त्यांच्याकडे उतरायचं ठरलं. निघताना कचेरीतल्या शिपायापासून नायब तहसीलदारापर्यंत सगळे स्टेशनवर पोचवायला आले होते म्हणतात.

परत आले ते मोठे होऊन. "मुंबईची टेस्ट बघून आलेले" ही त्यांची पुढे कायमची पदवी झाली. अव्वल कारकून नंतर झाले, पण ही पदवी वरची. बदली होऊन जातील त्या गावी ही ख्याती आधी पोचायची. माझ्या लहानपणी पावसाळ्यात वीज गेली की कंदिलाभोवती आम्ही पोरं जमायचो आणि अण्णा सुरू करायचे.

"लॉईडनं हाणला की आधी एकदम चिडीचूप. एक, दोन. आन् मग जो 'हाऽऽ' व्हायचा! त्यातच बाजूनं लोकल जायची खडखड करत. लोकलमधले लोक बी ओरडायचे. आन् मग शिट्ट्या सुरू झाल्या पोलिसांच्या. धूर निघाला. काळा धूर, असा वर."

"मग अण्णा?"

"मग काय. पळापळ."

वीज आली की गोष्ट संपायची. पण वानखेडे हे तेव्हापासून आमच्या घरातलं माणूस झालं. १९८० सालच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत इयान बोथमनं शतकही काढलं आणि तेरा बळीही घेतले. विश्वनाथनं मोठ्या मनानं बॉब टेलरला परत खेळायला बोलावलं आणि आपण हरलो. अण्णा म्हणत, "आपल्या स्टेडियमवर मानसानं असंच वागावं. हरलं तर हरलं." १९८५च्या जानेवारीत रवी शास्त्रीनं तिथंच बडोद्याच्या तिलक राजला एका षटकात सहा षटकार मारले. १९८७च्या ५ नोव्हेंबरला विश्वचषकाची उपांत्य फेरी झाली. आम्ही शेजाऱ्यांच्या टीव्हीपुढे चाळीस जण दाटीवाटीनं बसलो होतो. ग्रॅहम गूच स्वीपवर स्वीप मारत ११५ करून गेला. स्वीप म्हणजे काय हे शेजारच्या काकूंनी विचारलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "झाडू. त्यो आपल्याला झाडून काढूलालाय." १९९१ची रणजी फायनलही तिथलीच. हरियाणानं मुंबईला दोन धावांनी हरवलं आणि १३९ वर नाबाद राहिलेला वेंगसरकर रडला. त्या रात्री आमच्याकडे भात जास्त झाला होता, कारण अण्णा जेवले नाहीत. मुंबईशी आमचं काही नातं नव्हतं. पण स्टेडियम आपलं होतं ना!

आता माझी पाळी. १९९६ सालचा विश्वचषक. २७ फेब्रुवारी, मंगळवार, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया, आणि वानखेडेवर प्रथमच दिव्यांच्या उजेडात सामना. आम्ही तेव्हा बदलीमुळे नांदेडला होतो आणि अस्मादिक बारावीला, कॉमर्सला. परीक्षा तोंडावर आलेली. पलीकडे लातूरची मुलं दिवसाच्या चोवीस तासांतले सव्वीस तास अभ्यास करून गुणवत्ता यादीत झळकत होती आणि त्यांच्या अभ्यासाला 'लातूर पॅटर्न' असं नाव पडून ते राज्यभर गाजत होतं. मी मूळ लातूरचा असून माझा पॅटर्न निराळा होता. अशा वेळी अण्णांनी जाहीर केलं, "पोराला घिऊन मी मुंबईला जाणार."

"बारावीचं वर्ष आहे त्याचं!" आई म्हणाली.

"बारावी दर वर्षी येती. वर्ल्डकप चार वर्षांनी."

यावर आईजवळ उत्तर नव्हतं. तिनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. एस.टी.च्या रातराणीनं आम्ही निघालो. हाडं खिळखिळी करून घेऊन सकाळी गिरगावात पोचलो. मावसकाकांनी दार उघडलं तेच पडक्या चेहऱ्यानं. त्यांच्या साहेबाच्या मेहुण्याच्या क्लबाच्या कोट्यातून दोन तिकिटं यायची होती. आलं एकच.

मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी ते तिकीट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या खिशात घातलं.

"तू जा. मी पंच्याहत्तरला बघितलंय. सारखं सारखं काय बघायचं? स्टेडियम म्हंजी काय बायस्कोप हाय का?"

वाचकहो, मी सतरा वर्षांचा होतो. मी एकदासुद्धा "तुम्ही जा" म्हणालो नाही. म्हणालो असतो तरी ते गेले नसते, असं मी आजवर स्वतःला समजावत आलो आहे. पण म्हणायला हवं होतं.

आत शिरलो तो नॉर्थ स्टँडला. सिमेंटच्या पायऱ्या चढून वर आलो आणि एकदम ते हिरवं मैदान समोर पसरलं. इतकं हिरवं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आमच्याकडे फेब्रुवारीत हिरवी फक्त पाटी असते, 'पीककर्ज विभाग' लिहिलेली. पाठ टेकायला काही नाही, पुढे उंच जाळी, खाली तापलेला बाक, दोन्ही बाजूंनी माणसं अशी चेपलेली की टाळी वाजवायची तर शेजाऱ्याच्या परवानगीनं. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण वाऱ्याची झुळूक आत शिरायला तिच्याजवळही तिकीट नसावं. मार्क वॉनं १२६ केल्या. ऑस्ट्रेलिया २५८. मग अंधार पडला, मनोऱ्यांवरचे दिवे पेटले, आणि रात्रीचं गवत दिवसाच्या गवतापेक्षा हिरवं दिसायला लागलं. सुरुवातीलाच दोन बळी गेले. मग सचिन. त्यानं काय मारलं ते मी सांगत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. ८४ चेंडूंत ९०. आणि मग मार्क वॉच्या एका वाइड चेंडूवर तो यष्टिचीत झाला. वाइडवर! बँकेत याला म्हणतात, गिऱ्हाइकाला व्याज मिळालं आणि त्याच दिवशी खातं बंद झालं.

त्या क्षणी पंचेचाळीस हजार माणसं गप्प झाली. मी तशी शांतता पुन्हा कधी ऐकली नाही. लोकलचा खडखडाट तेवढा स्वच्छ ऐकू आला. पुढे मांजरेकरनं झुंज दिली, पण आपण २४२ वर संपलो. सोळा धावांनी हार.

बाहेर आलो तर फाटकासमोर, रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर अण्णा उभे. हातात धपाट्यांचं फडकं तसंच बांधलेलं. दुपारी दोनला मी त्यांना जिथं सोडलं होतं, तिथून फार तर चार पावलं सरकलेले.

"तुम्ही इथंच होतात?"

"हिंडलो की. समुद्र बघितला. आलो परत." मग म्हणाले, "सचिन गेला तवा साडेआठ झाले आसतील, न्हाई का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"आवाज बंद झाला."

मग आम्ही तिथंच फुटपाथवर बसून धपाटे खाल्ले. मला बारावीला अठ्ठावन्न टक्के पडले. पुढे बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो. आईनं त्या सर्वांचा दोष मार्क वॉला दिला.

यानंतर बारा-तेरा वर्षांनी ते स्टेडियम पाडायला काढलं. २०११चा विश्वचषक यायचा होता, त्याचा अंतिम सामना मुंबईत ठरला होता आणि जुनं बांधकाम आता नव्या जमान्याला शोभेना. २००८ पासून काम सुरू झालं. उत्तरेचे, दक्षिणेचे स्टँड मुळापासून गेले. मी ज्या पायरीवर बसलो होतो ती पायरी गेली. दरम्यान, २००९च्या डिसेंबरमध्ये श्रीलंकेविरुद्धची कसोटी कुठं भरवली असेल? ब्रेबॉर्नवर! ज्या घराशी भांडून वेगळी चूल मांडली, त्याच घरी छत्तीस वर्षांनी पाहुणे म्हणून जावं लागलं. सेहवागनं तिथं २९३ केल्या आणि भारत कसोटीत जगात पहिल्या क्रमांकावर गेला. भाऊबंदकीचं एवढं गोड पर्यवसान आमच्याकडे जमिनीच्या दाव्यात कधी होत नाही.

त्याच सुमारास एका सकाळी पेपरात पाडकामाचा फोटो आला. अर्धा स्टँड कापलेला, आतल्या पायऱ्या उघड्या पडलेल्या, मधलं मैदान मातीचं. अण्णा तेव्हा निवृत्त होऊन लातुरात घरी होते. त्यांनी चष्मा पुसला, फोटो जवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला. बराच वेळ पाहत राहिले. आणि म्हणाले,

"आतून असं दिसायचं होय?"

मी चहाचा कप तोंडाजवळ नेला होता, तो तसाच राहिला. "म्हणजे? तुम्ही पंच्याहत्तरला..."

"तिकीट देणार होता त्यो मानूस आलाच न्हाई." अण्णा फोटोवरची नजर न काढता म्हणाले. "दोन दिवस बाहेर हुबा होतो. पलीकडं पानवाल्याकडं रेडिओ होता. धूर बघितला ना मी. धूर खरा हाय."

"मग इतकी वर्षं..."

"अख्खी कचेरी पोचवायला आली होती स्टेशनवर. काय सांगायचं त्यांला? एकदा सांगितलं की बघितली. सातबाऱ्यावर एकदा नाव लागलं की उतरवता येतं होय?"

त्या रात्री मी अंथरुणावर पडून जुनी सगळी खाती पुन्हा तपासली. शिट्ट्या, 'हाऽऽ', लोकल, धूर. त्यांच्या साऱ्या गोष्टीत एकही खेळाडू हलत नव्हता. एकदाही कुणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. रोज बँकेत सही जुळते का बघणारा मी, मला पस्तीस वर्षांचा हा घोटाळा सापडला नव्हता. आणि मग शहाण्णवची नोंद पुढे आली. "मी पंच्याहत्तरला बघितलंय. सारखं सारखं काय बघायचं?" ज्या माणसानं स्टेडियम आतून कधीच पाहिलं नव्हतं, त्यानं हातात आलेलं एकुलतं एक तिकीट माझ्या खिशात घातलं होतं, आणि मला ते घेताना जड वाटू नये म्हणून जुन्या खोट्यावर पुन्हा एकदा सही केली होती.

असो. इतिहास पुढे न्यायला हवा.

नवं स्टेडियम झालं. सुरेख झालं. वर छप्पर आलं, पाठ टेकायला खुर्ची आली, पायांना जागा आली. फक्त एक झालं. जुन्यात माणसं बसायची सुमारे पंचेचाळीस हजार, नव्यात बसतात सुमारे तेहेतीस हजार. पंचेचाळीसातून तेहेतीस गेले, राहिले बारा. आमच्या शाखेत एकदा बारा रुपयांची तफावत आली होती, तर रात्री दहापर्यंत सगळे ताळा घालत बसलो होतो. शेवटी ते बारा रुपये शिपायाच्या चहाच्या हिशेबात सापडले. इथं बारा हजार माणसांची तफावत आली आणि कुणी रात्री थांबलं नाही. जागा पुरत नाहीत म्हणून बांधलेलं स्टेडियम पाडून जागा कमी केल्या. आरंभीची शिल्लक लक्षात ठेवायला सांगितली होती, ती यासाठी. नव्या खुर्चीला हात आले, पाठ आली, हे खरं. पण हात आणि पाठ कुणाच्या तरी जागेतूनच काढावे लागतात.

२ एप्रिल २०११. अंतिम सामना. तेहेतीस हजारांपैकी सर्वसामान्य लोकांना विकायला निघाली अवघी चार हजारांच्या आसपास तिकिटं. बाकीची क्लब, सभासद, पाहुणे, पुरस्कर्ते यांच्या वाट्याला. आम्ही घरी टीव्हीपुढे. धोनीनं कुलसेकराला षटकार मारला, भारत जिंकला, आमच्या गल्लीत फटाके फुटले. अण्णा म्हणाले, "आवाज कमी कर." मला वाटलं, त्रास होतोय. तर म्हणाले, "त्यो बोलणारा मधी मधी बोलूलालाय. लोकांचा आवाज ऐकू दे."

त्याच वर्षी जुलैमध्ये आमच्या लातूरचे विलासराव देशमुख मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष झाले. दिलीप वेंगसरकरला हरवून. स्टेडियम पाडायला घेतलं तेव्हा मुख्यमंत्री विलासराव, काम चालू असताना मुख्यमंत्री नांदेडचे अशोकराव चव्हाण, आणि आता गादीवर पुन्हा लातूर. स्टेडियम मुंबईत असलं तरी चालवत होतो आम्हीच, म्हणाना! लातुरात त्या दिवशी प्रत्येकाला आपापल्या खिशात तिकीट आल्यासारखं वाटलं. बाभळगावचा रस्ता माहीत असलेला प्रत्येक माणूस 'साहेबांना सांगतो' म्हणायला लागला. मीही दोन तिकिटांचा अर्ज मनातल्या मनात लिहून ठेवला होता. वर्षभरात, १४ ऑगस्ट २०१२ ला, विलासराव गेले. सारं लातूर तेव्हा वेगळ्याच दुःखात होतं. तिकिटाचं कुणाला सुचतं? अर्ज मनातच राहिला. २०१७ साली अण्णा गेले.

परवा वाचलं, त्या नव्या स्टेडियमात आता स्मारकही आहे. धोनीचा तो षटकार ज्या खुर्च्यांवर जाऊन पडला, ती जागा २०२३ साली जपून ठेवली. चांगलं केलं. चेंडूला कायमची जागा मिळाली. तिकीट न काढता आत जाऊन बसलेला तो इतिहासातला पहिलाच.

२०२४च्या एप्रिलमध्ये मुलीच्या कामासाठी मुंबईला गेलो होतो. संध्याकाळी सहज चर्चगेटहून चालत निघालो तर दिवे लागलेले, आयपीएलचा सामना. फाटकासमोर रस्त्यापलीकडे गेलो. फुटपाथ तिथंच होता. जुने स्टँड गेले, पायऱ्या गेल्या, जाळी गेली, पानवाला गेला, पण फुटपाथ कुणी पाडला नव्हता. अण्णांची जागा शाबूत होती. लोकल गेली खडखड करत. तेवढ्यात आतून जोरात आवाज आला.

"सिक्स!" मी शेजारच्या शेंगदाणेवाल्याला म्हणालो.

त्यानं पुडी बांधता बांधता मानही वर केली नाही. "फोर आहे साहेब. सिक्सचा आवाज थांबून थांबून येतो. आधी गप्प होतात, मग येतो."

मी तासभर तिथं उभा राहिलो. तीन चौकार, दोन बळी आणि एक सुटलेला झेल एवढं पाहिलं. म्हणजे ऐकलं.

घरी आल्यावर कुटुंबानं विचारलं, "एवढं लिहिताय त्या स्टेडियमवर, तर या खेपेला नवं बघून तरी आलात का?"

"बघितलं की," मी म्हणालो.

"कसं आहे?"

"आवाज फार छान येतो."